हनुवटीची जागा

इटलीतल्या एका मोटरसायकल कारखान्याच्या संग्रहालयात दुपारी मी एकटाच होतो. शर्यती जिंकलेल्या लाल गाड्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या एका सीटच्या. तिथला म्हातारा मेकॅनिक एक गाडी पुसत होता. टाकीवरचा रंग उडालेला तुकडा मात्र त्याने सोडला. मी का म्हणून विचारलं.

"आमचा रायडर तिथं हनुवटी टेकायचा. तेवढं मी पुसत नाही."

माझ्या स्कूटरचा डावा आरसा बायकोने मागे बसून केस सारखे करायला स्वतःकडे वळवून घेतला होता. ती गेली, आरसा तसाच आहे. गॅरेजवाला दर वेळी म्हणतो, "काका, मागची गाडी दिसायची नाही."

राहू दे म्हणतो. वळताना मान मागे करून बघतो. सीट रिकामी असते.