चित्रातला मुलगा काय करतोय

थोरल्ये, तू पाचवीत गेलीस तेव्हा मी ड्रेस्डेनला तुमच्याकडे राहायला होते. धाकट्याला त्यातलं काही आठवणार नाही, म्हणून दोघांसाठी क्रमाने लिहिते.

तुझ्या नजरेच्या मधोमध सगळं पुसट दिसे, अक्षरं लागत नसत, त्यामुळे छापील पुस्तकं तुझ्या उपयोगाची नव्हती. जर्मन पुस्तकांपुढे माझा इलाज नव्हता, पण इंग्रजी माझं. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे तेच शिकवलं. रोज चारला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी तुला धडा वाचून दाखवायची. चित्रंही सांगायची. ‘द बॉय इज वॉशिंग हिज बायसिकल.’ खाली प्रश्न असे, मुलगा काय करतोय? तू खाडकन उत्तर द्यायचीस. सगळी उत्तरं बरोबर. संध्याकाळी बाबा घरी आला की मी त्याला ते आवर्जून सांगे.

मग त्या बाई आल्या. तुझ्यासारख्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं नव्याने तयार करायची, हे त्यांचं काम. इंग्रजीचं पुस्तक एकेक धडा करून तुझ्या लॅपटॉपवर यायला लागलं. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत, लॅपटॉप ती वाचूनही दाखवी, आणि प्रत्येक चित्राखाली बाईंनी लिहिलेलं वर्णन असे. तेही जर्मनमध्ये. बाईंना इंग्रजी बेताचंच येत असणार, असं ठरवून मला जरा बरं वाटलं.

चारला मी चष्मा पुसून बसले, तर तुझ्या कानाला हेडफोन. “आजी, तू झोप ना थोडी,” म्हणालीस.

मी तुझ्या आईला म्हटलं, “बाई चांगल्या आहेत गं. पण केस किती बारीक कापतात.”

“अहो आई, त्याचा पुस्तकाशी काय संबंध?”

“काही नाही. आपलं सांगितलं.”

त्या आठवड्यात तुझी दोन-तीन उत्तरं चुकली. मला आनंद झाला, तो लपवत नाही. बाई घरी आल्या तेव्हा मी कॉफी पुढे केली आणि इंग्रजीतून विचारलं, “मी वाचायचे तेव्हा हिचं सगळं बरोबर यायचं. आता का चुकतं?”

त्यांनी अगदी स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं, “कारण चित्र सांगताना तुम्ही उत्तरच सांगत होता. मी वर्णन जर्मनमध्ये लिहिते, म्हणजे इंग्रजी तिच्यासाठी उरतं.”

“गेनाऊ,” तू म्हणालीस, म्हणजे अगदी बरोबर. बाईंच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं. दोन दिवस मी चारला बाहेर फिरायला गेले.

तिसऱ्या दिवशी फिरायला निघाले तर तू छापील पुस्तक घेऊन दारात उभी. पुढचा धडा बाईंकडून अजून आला नव्हता.

“आजी, चित्र सांग. पण मराठीत.”

मी पाहिलं. “एक बाई दोरीवर कपडे वाळत घालतेय.”

“वाळत घालतेय म्हणजे?”

तू घरातही जर्मनमध्येच उत्तरं द्यायचीस, तुला हा शब्द कुठून माहीत असणार? मी ओला टॉवेल आणला, खुर्चीच्या पाठीवर पसरला, तुझा हात त्यावरून फिरवला. तू दुसऱ्या टोकाला धरून तो पुन्हा नीट पसरलास आणि विचार करत राहिलीस. माझ्या जिभेवर ‘हँगिंग आउट’ तयार होतं. मी गप्प राहिले.

“शी इज पुटिंग द क्लोद्स टू ड्राय,” तू म्हणालीस.

“वर्गात तेच सांग,” मी म्हटलं.

पुढचे काही दिवस मी सकाळी तुझ्या आईला विचारत असे, “धडा आला का गं?” नाही म्हटलं की मला चहा गोड लागे.

सोमवारी आला. त्या चित्राचं बाईंनी केलेलं वर्णन मी बाबाकडून मराठीत ऐकून घेतलं. अंगण, ताणलेली दोरी, बाईच्या हातात ओला शर्ट. नेमकं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. टॉवेल मात्र त्यात नव्हता.