नदीतला भात

आमच्या गावच्या लग्नातल्या भातात रेती असायची. बाहेरगावचे वऱ्हाडी पहिल्याच घासाला थबकायचे, जिभेनं खडा शोधायचे आणि मुलीच्या बापाकडे पाहायचे. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "नदीतला भात हाय, पाहुने. जरा सांभाळून खा."

मी या गावात आले छप्पन साली. माझा नवरा डॉक्टर. महागावकडच्या या खेड्यात त्यानं दवाखाना थाटला आणि मी त्याच्या मागोमाग ट्रंक घेऊन आले. माहेरी नि सासरी सगळे कचेरीतले, कारकून, वकील, मास्तर. चूल कधी पेटवायची नि कधी विझवायची हे सरकार सांगतं, ही गोष्ट मला नवी होती.

होळी झाली की पाऊस लागेपर्यंत तो नियम चाले. ऊन चढायच्या आत घरोघरचा स्वयंपाक उरकून चुलीत पाणी ओतायचं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या गंज्या गावाबाहेर न्यायच्या. दाराशी पाण्यानं भरलेला रांजण ठेवायचा. आणि लग्नाचा स्वयंपाक गावात करायचाच नाही. तो पूस नदीच्या कोरड्या पात्रात, रेतीत चुली खोदून करायचा आणि बैलगाडीनं मांडवात आणायचा. कधीकाळी निम्मं गाव जळालं होतं, तेव्हापासूनचा हा हुकूम. कोतवाल दवंडी पिटायचा, "ऊन चढाच्या आंधी चुली इझवा होऽ!" आणि तालुक्याचा साहेब न सांगता जीपमधून येऊन रांजणांत हात घालून पाहायचा.

लोक त्याला मनापासून शिव्या देत. त्यात खोटं काही नव्हतं. एका बाळंतिणीसाठी पाणी तापवलं म्हणून त्यानं तिच्या सासूला दंड केलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या दिवशी मीही त्याला मनात शिव्या घातल्या. तेव्हा मी जुन्या राज्याची भाट नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुढं राज्यच बदलत गेलं. आमची राजधानी नागपूरची मुंबई झाली, मग महाराष्ट्र झाला, मग बासष्टच्या सुमाराला जिल्हा परिषद नि पंचायत समिती आली. आता गावाचं गावानं पाहायचं, असं भाषणांतून ऐकू येऊ लागलं. पाणी, दिवाबत्ती, रोगराई आणि आगीचा बंदोबस्तसुद्धा ग्रामपंचायतीकडे आला. चावडीत ठेवलेली पत्र्याची मोठी पिंपं आणि पेटतं छप्पर ओढून पाडायचे लांब बांबूंचे आकडे तालुक्याच्या शिपायानं आमच्या सरपंचांच्या हवाली केले. गावानं गूळ वाटला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? कायद्यानं पंचायतीत बायका घ्यायच्या होत्या, त्यात डॉक्टरांची बायको म्हणून मला घेतलं होतं. मी इस्त्रीचं पातळ नेसून सभेला जायची आणि सगळ्यांत जास्त बोलायची.

सरपंच माणूस चांगला. गोड बोलणारा, कुणाला दुखवायचं नाही असा. तेच नडलं. पहिल्या उन्हाळ्यात कोतवालानं दवंडी दिली, पण एकालाही दंड झाला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात गंज्या हळूहळू गल्लीत परतल्या. रांजणांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी सरपंचांना गाठून विचारलं, तर ते हसून म्हणाले, "वैनी, थो सायेब वर्षातून दोनदा ये अन् चालला जाये. त्याले कोनाची भीड होती? मले तं रोज याच लोकाइत राहा लागते. कोनी माहा व्याही, कोनी साडू. दंड करू तं कोनाले करू?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी ते तोंडावर ऐकवलं. ते आणखीच गोड हसले.

आणि मग तो ठराव आला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी मुलीचं लग्न निघालं होतं. तोही पंचायतीचा सभासद. तो म्हणाला, आता राज आपलं आहे, मग आपल्या लेकीच्या लग्नाची चूल आपल्या दारात का पेटू नये? पाहुण्यांनी किती वर्षं रेती चावायची? सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. मानाची गोष्ट होती ती. दारात चूल पेटली नाही तर ते कसलं लग्न, असं आतल्या बायकाही म्हणत होत्या.

विरोधात उठला तो तांड्याचा नाईक. आमच्या गावाच्या पूर्वेला लमाणांचा तांडा होता. पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता शेती करत होती. तांडा आमच्याच पंचायतीत यावा म्हणून या नाईकानंच आपल्या लोकांना तयार केलं होतं. म्हातारे नको म्हणत होते. आपला न्याय आपण करतो, गाववाल्यांच्या सतरंजीवर कायले बसायचं, म्हणत होते. नाईकानं त्यांना शब्द दिला होता की गाव आपल्यालाही आपलं धरील. तो शब्द खरा ठरतो की नाही, यावर त्याची तांड्यातली सगळी पत होती.

तो उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "सरपंचसाहेब, तुमच्या घरावर कवेलू हाय, आमच्या घरावर गवत. दुपारचा वारा तुमच्या दारातून सुटते अन् आमच्या दारात येते. चूल तुमची अन् जळन आमचं घर, असं नोका करू."

"नाईक, तुमी कायले भेता?" मुलीचा बाप म्हणाला. "आमी का लहान लेकरं हावो? इस्तव सांभाळता येते आमाले."

सरपंचांनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्याच्या घरी लग्न, त्यानं आगीची जबाबदारी घ्यायची, मग चूल दारात पेटवायला हरकत नाही, असं ठरलं. विरोधात दोन हात, नाईकाचा आणि माझा. मी संतापून म्हणाले, "दिल्लीची जबाबदारी मुंबईकडे आली, मुंबईची यवतमाळला, यवतमाळची आपल्याकडे. आता तुम्ही ती मुलीच्या बापाच्या गळ्यात घालताय. लग्नाच्या दिवशी त्या माणसाला डोकं खाजवायला तरी फुरसत असते का?" सगळे हसले. मला वाटलं, निदान ऐकलं तरी. हसण्यापुरतंच ऐकलं होतं.

लग्न वैशाखातलं. नाईकाला मानाचं आवतण होतं. नाही म्हणावं तर गावाचा अपमान, म्हणून तो धुतलेलं पागोटं बांधून आला. पंगतीत त्याला सरपंचांच्या शेजारी बसवलं. चुली मांडवामागं, परसात खोदल्या होत्या. सरपण हाताशी असावं म्हणून पऱ्हाट्यांची अख्खी गंजी तिथंच रचली होती. मुलीच्या बापानं राखणीला दोन गडी उभे केले होते, ते मी स्वतः पाहिले. मग नवरदेवाची वरात आली, वाजंत्री वाजली, आणि ते दोघं वाढायला माणसं कमी पडली म्हणून पंगतीत ओढले गेले. ओढणारा मुलीचा बापच होता. त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं? पाहुणे खोळंबले होते.

मी आत बायकांत होते. आधी वाऱ्याचा आवाज आला, मांडवाचं कापड फडफडलं. मग परसातून कोणीतरी ओरडलं. बाहेर आले तर गंजी पेटली होती आणि वारा तिच्यातल्या जळत्या काड्या उचलून पूर्वेकडे नेत होता. आमच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, त्या पडत आणि विझून जात. लोक "पानी, पानी" करत चावडीची पिंपं शोधू लागले. पिंपं मांडवातच होती. पाहुण्यांना प्यायला पाणी हवं म्हणून पंचायतीकडून मागून आणलेली, आणि पाणी तळाशी गेलेली. आकडे मांडवाच्या कापडाला टेकू म्हणून बांधले होते.

"तांडा! तांडा पेटला!"

नाईक पानावरून उठला. त्याच्या हाताला कालवलेला भात तसाच होता. तो आणि त्याच्यामागं सगळं गाव पळालं, हे मला सांगितलंच पाहिजे. सरपंच पळाले, मुलीचा बाप पळाला, वऱ्हाडीसुद्धा पळाले. कोणी कमी केलं नाही. पण गवताची घरं ती, पळणारा पोचेपर्यंत त्यांत उरतं काय?

माणसं बहुतेक शेतात झाडाखाली होती, म्हणून वाचली. नाईकाची बायको घरी होती. घरामागं बैल बांधले होते. तिनं एक जोडी सोडली, तेवढ्यावर थांबून ती सुटू शकली असती. पण दुसऱ्या जोडीची दावी कापायला ती परत आत गेली आणि छप्पर खाली आलं.

तिला बाजेवर घालून आमच्या ओसरीवर आणली. एका बाजूला सरपंचांनी खांदा दिला होता, त्यांचे हात पोळले होते आणि ते लहान मुलासारखे रडत होते. यवतमाळला न्यायला वऱ्हाडाचा ट्रक दाराशी आणून उभा केला. माझा नवरा तिला तपासून बाहेर आला आणि म्हणाला, "नेऊ नका. रस्त्यात नुसते हाल होतील." त्यानं जवळ होतं ते मलम लावलं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. मी तिच्यावरच्या माशा वारत बसले. ती आपल्या बोलीत नवऱ्याला काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. तो दरवेळी मान हलवून हो म्हणायचा. काय विचारते, मी म्हटलं. "बैल सुटले का, इचारते," तो म्हणाला. दुसरी जोडी सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मला दुःख नंतर झालं. त्या वेळी नुसता राग आला होता, इतका की ओसरीवर आलेल्या मुलीच्या बापाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पंचनाम्याला तालुक्याहून एक तरुण अधिकारी आला. भला वाटला. जळलेल्या खांबांतून फिरताना त्याचे डोळे भरून आले होते. पण नाईकानं मदतीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आता हा विषय आमच्याकडे नाही. पंचायतीकडून समितीला कळवा." समितीनं काही दिवसांनी बांबू नि थोडं धान्य पाठवलं, आणि आगीपासून सावध कसं राहावं याचं भाषण करायला एक माणूस पाठवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो चावडीत तासभर बोलला. तांड्यातलं कोणी ऐकायला आलं नाही.

पंचायतीनं मात्र ताबडतोब सभा घेतली आणि एकमतानं ठरवलं, लग्नाचा स्वयंपाक पुन्हा नदीतच. एकही हात खाली नव्हता. नाईक त्या सभेला नव्हता. तांडा उठत होता. पाऊस लागायच्या आत ते सगळे नदीपलीकडे, पश्चिमेच्या माळावर गेले, जिथं पाणी अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणायचं. त्यांच्या म्हाताऱ्यांनी नाईकाला एका शब्दानं दोष दिला नाही, असं मी ऐकलं. पण नाईकपण दुसऱ्याकडे गेलं.

मी तिकडे जाऊन त्याला पंचायत सोडू नका म्हणून विनवलं. तो बाजेवर बसला होता. "बाई, राज तुमचं चांगलंच असन," तो म्हणाला. "पन तुमच्या सभेत हात मोजतेत. आमचे कमीच भरनार."

पुढच्या वर्षी, होळीच्या आधी, सभेपुढं विषय आला. लग्नसराई तोंडावर होती. एकजण म्हणाला, गाड्या नदीत नेणं-आणणं बैलांना फार होतं, आणि भातात रेती येतेच, तर नदीचा नियम आता काढून टाकावा. मी ताडकन उठले. मागचा वैशाख विसरलात का, म्हणाले. तिची राख अजून नदीत असेल, म्हणाले. लोक आपापल्या पायांकडे पाहत राहिले.

सरपंचांच्या हातांवर पोळल्याचे पांढरे डाग होते. ते माझ्यावर चिडले नाहीत. नेहमीच्या मऊ आवाजात, समजूत काढावी तसं, त्यांनी विचारलं, "वैनी, पन आता त्या अंगाले जळाले हाय काय?"

खरंच पूर्वेला, तांड्याच्या जुन्या जागी, आता काही नव्हतं. हात वर गेले.