गॅलरीतून सुटलेला बस्ता

आमच्या साडूभाऊंना वादात हरवणारा माणूस अख्ख्या निलंग्यात जन्मलेला नाही, कारण दोन्ही बाजू ते स्वतःच मांडतात. साधा चहा घेता का विचारलं, तरी "एकीकडून बघितलं तर ऊन लई हाय, पण दुसरीकडून बघितलं तर..." असं सुरू होतं आणि तोवर कपावर साय धरते. साथीच्या दिवसांत दुकानं बंद ठेवावीत का, यावर व्यापाऱ्यांची बैठक भरली. साडूभाऊ उठले, "माणूस जगला तर गिऱ्हाईक जगंल" म्हणून टाळ्या घेतल्या आणि खाली बसले. लगेच पुन्हा उठले. "आत्ता जे बोलून गेले, त्यांना माझा सवाल हाय. नोकरांच्या चुली तुम्ही पेटवणार का?" टाळ्या दोन्ही वेळा तितक्याच पडल्या.

पण आतून माणूस पार पोळलेला होता. त्यांचं कापडाचं दुकान लग्नाच्या बस्त्यावर चालतं. बस्ता म्हणजे दोन्हीकडचं अख्खं गणगोत गादीवर मांडी ठोकून बसणार आणि नवरीची आत्या प्रत्येक पदर बोटांत चोळून बघणार. त्याशिवाय खरेदीच होत नाही. आणि दुकानाच्या माडीवर अक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी. तिला जुना दमा. दुकान भरलं तर अक्काच्या जिवाला घोर, नाही भरलं तर नोकरांच्या घरी उपास. पुढं दुकानं उघडायला थोडी सवलत मिळाली, तेव्हा बाकीच्यांनी खुशाल गर्दी होऊ दिली. साडूभाऊ मात्र ओट्यावर बसून दोन्हीकडून बघत राहिले होते.

तेवढ्यात एका वऱ्हाडाचा टेम्पो आला. "मालक, उघडा की! लग्न तोंडावर आलंय!" नवरीची आत्या ओरडली. साडूभाऊंचा हात कुलपाकडे गेला, तोच वरून अक्काचा आवाज आला, "अहो, त्यांना समोरच्या मैदानातच उभं करा. साड्या वर पाठवा, मी दाखवते!"

नोकरांनी गठ्ठे जिन्यात ठेवले. अक्कानं गॅलरीत साड्या पसरल्या. आत्याबाई अडून बसल्या. "हाताला लागल्याबिगर मी व्हय म्हणायची न्हाई!" मग अक्कानं एक टोक धरलं आणि साडी दिली सोडून. सळसळत खाली आलेला पदर नेमका आत्याबाईंच्या हातात! त्यांनी तो चोळला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ही बांधा!" अरे, काय तो जल्लोष! "पिवळी सोडा!" "ती मोरपंखी!" साडूभाऊ तोंडाला मास्क लावून मैदानात फौजदारासारखे फिरत होते, "तुम्ही लिंबाखाली, तुम्ही खांबापाशी!" हात लागलेली नापसंत साडी परत अक्काकडे वर जात नसे, दोरीवर उन्हात पडे. मग दुसरा टेम्पो आला, तिसरा आला. त्या मोसमात एकाही नोकराचा पगार तुटला नाही आणि अक्काला साधा ताप आला नाही. दोन्ही बाजू जिंकल्या, असा दुसरा वाद मी पाहिला नाही!

आता गादीवर पुन्हा गणगोत बसतं. परवा मी मुद्दाम डिवचलं, "साडूभाऊ, पुन्हा तशी साथ आली तर?"

ते खुलले. "हे बघा पाव्हणं, एकीकडून बघितलं तर, धंदा बंद म्हंजी..."

वर अक्काला खोकल्याची उबळ आली. साडूभाऊंनी वाक्य तिथंच टाकलं. मग उठून कोमट पाणी घेऊन वर गेले. मी बराच वेळ बसलो होतो, पण ते खाली आले तरी ना त्यांनी ती बाजू पुरी केली, ना दुसरी मांडली.