क्लीन ब्लॉक

मंडळी, आपल्या जुन्या टीमच्या या ई-मेल ग्रुपवर मी क्वचितच लिहिते. आज ग्राउंडवरून थेट सायबर कॅफेत आलेय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

वर्तकनगरला जिल्ह्याच्या बास्केटबॉल टीमचं सिलेक्शन होतं. मी शिकवते त्या कोळीवाड्यातल्या पोरांपैकी प्रशांतला घेऊन गेलेले. सव्वासहा फूट पोरगा, रिंगखाली उभा राहिला की भलेभले शॉट मारायला कचरतात.

पण सिलेक्शनची पद्धत आपल्या वेळचीच. मुलांनी रांगेत उभं राहायचं, एकेकाने धावत जाऊन बास्केट करायची. समोर अडवायला कोणीच नाही. मग ज्याला अडवता येतं, त्याने दाखवायचं काय?

प्रशांतचा बॉल हुकला. तो अजून रिंगखालीच होता, तेवढ्यात मागच्या मुलाने शॉट मारला. ह्याने सवयीने उडी मारून तो हवेतच अडवला.

"दुसऱ्याचा चान्स घालवतोस? हो बाहेर!" सिलेक्शनचे सर ओरडले.

गेटपाशी त्याने विचारलं, "ताई, फाउल होता का?"

"नाही रे. क्लीन ब्लॉक होता, तुझा हात फक्त बॉललाच लागला."

"मग मला का काढलं?"

सांगा, उद्या प्रॅक्टिसला त्याला 'हात वर ठेव, शॉट अडव' असं मी कुठल्या तोंडाने सांगू?