सॅलभाऊंच्या घरचं सुतक

शेजाऱ्यानं बायकोचा खून केलेला नाही, हे मला आईनं त्यांच्याकडे पिठलं-भात नेऊन दिल्यावर कळलं.

तेव्हा आम्ही लंडनमध्ये इल्फर्डला भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे आली. मी आणि माझी बायको सीमा सकाळी ट्रेननं ऑफिसला गेलो की दिवसभर आईला बोलायला एकच माणूस होतं : कुंपणापलीकडचे सॅल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेले इटालियन, इंग्लिश बायकोबरोबर म्हातारपणी इथं आलेले. आई मराठीत बोलायची, ते हातांनी बोलायचे. ही मेथी द्यायची, ते टोमॅटो द्यायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मी वाचन सुरू केलं. (रिकामपणी माणसानं झोपावं.) लायब्ररीतून न्यूयॉर्कच्या एका इटालियन डॉनचं जाडजूड चरित्र आणलं. हा डॉन म्हणे दिसायला गरीब गाय. जुनं स्वेटर घालायचा, परसात टोमॅटो लावायचा, फोनवर चकार शब्द बोलायचा नाही, पोरांना आइस्क्रीम वाटायचा. आणि त्याच्या एका इशाऱ्यावर धडधाकट माणसं नाहीशी व्हायची. मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलं. सॅल जुनं स्वेटर घालून टोमॅटोला पाणी घालत होते!

"आई, त्यांच्याशी बोलणं बंद," मी फर्मान काढलं.

"मग बोलू कुणाशी? टीव्हीशी?"

"तो माणूस माफिया आहे. म्हणजे गुंड. डॉन."

"अरे, गुडघे धरलेत त्यांचे. खाली बसवत नाही."

मी ऐकतोय कसला! दर रविवारी काळ्या कोटातले दोघे येऊन सॅलच्या दोन्ही गालांचे मुके घ्यायचे, हे चरित्रात होतं तस्संच. त्यात सॅलची बायको मेरी दिसेनाशी झाली. आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी अंधारून आल्यावर सॅल आणि ते दोघे परसात लांबलचक खड्डा खणताना दिसले. शेजारी ब्लँकेटात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेलं, माणसाएवढं काहीतरी उभं होतं. ते त्यांनी अलगद खड्ड्यात आडवं केलं आणि वर माती ओढली.

"पोलिसांना फोन कर," सीमा कुजबुजली.

"आणि आपला व्हिसा? साक्षीदार म्हणून नाव लागलं म्हणजे?"

(एका माणसाचा जीव गेला होता आणि मला माझ्या व्हिसाची पडली होती. हे मी लपवत नाही.) आमची बराच वेळ हुज्जत चालली. तेवढ्यात खालून फोडणीचा वास आला. आई डबा भरत होती.

"हे काय?"

"पिठलं-भात. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनीच बघायचं असतं."

"आई, अगं त्यांनीच मारलंय तिला!"

"ते पोलीस बघतील. जेवायचं कोण बघणार?"

मी स्लिपर शोधून मागे धावेपर्यंत तिनं बेल वाजवली होती. दार मेरीनं उघडलं. (ती यॉर्कशायरला बहिणीकडे गेली होती. दुपारीच परतली होती.) पण आईची नजर मागून येणाऱ्या सॅलवर होती, आणि वाटेत पाठ केलेलं इंग्रजी वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"व्हेरी सॉरी, भाऊ. वाइफ डेड." मग तिनं मेरीकडे नीट पाहिलं. "अगं बाई, ही तर आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळा खुलासाच केला : "माय सन सी. माफिया. गार्डन. फिनिश."

 सॅल टॉर्च घेऊन आम्हाला परसात घेऊन गेले. मातीच्या ढिगातून ब्लँकेटचं टोक आणि दोन वाळकी पानं बाहेर आली होती.

"अंजीर आहे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी सिसिलीहून फांदी आणली होती, तिची फांदी मी इथं आणली. थंडीनं मरतं, म्हणून हिवाळ्यात असं निजवतो. ते दोघे माझे भाचे, मदतीला येतात." मग म्हणाले, "मी जन्मभर स्कूल बस चालवली. आडनाव सांगितलं की लोक हळूच विचारायचे, तू त्यांच्यातला का? वाटलं होतं, इथं तरी कुणी विचारणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवसांत ट्यूब रेल्वेत माझी दाढी आणि रकसॅक पाहून, हा बॉम्बवाला तर नाही ना म्हणून, शेजारचा माणूस उठून जायचा, आणि मी घरी येऊन तावातावानं त्या लोकांचा उद्धार करायचो. आता कुठल्या तोंडानं करणार? त्याहून वाईट म्हणजे आईचा चेहरा. या देशातलं तिचं बोलणारं एकुलतं एक माणूस माझ्यापायी तुटत होतं.

सॅलनी तिच्या हातातला डबा घेतला, उघडला, बोटानं पिठलं चाखलं. मग आणखी एक बोट.

"चण्याचं पीठ? माझी आई असंच ढवळत बसायची," ते म्हणाले, आणि आईला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले. मला कुणी बोलावलं नाही. मी मातीजवळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, खांद्यावर थोपटलं आणि डबा हातात दिला. घरी आईनं उघडला तर आत साखरेत शिजवलेले अंजीर. आईनं एक तोंडात टाकला, एक सीमाला दिला. मी हात पुढे केला, तशी झाकण लावत म्हणाली, "तू राहू दे. विषबिष असायचं."

मी हात मागे घेतला. वास मात्र फार सुंदर येत होता.