खडा पळालेला माणूस

तेव्हा पित्ताशयासाठी हातभर पोट फाडत. त्यासाठी मी नागपुरात दवाखान्यात पडलो होतो. शेजारच्या खाटेवर एक मिशीवाले गृहस्थ होते. त्यांचा खडा पित्ताशयातून निसटून आतड्यात अडकला होता. असं क्वचितच घडतं, म्हणून शिकाऊ डॉक्टरांचे घोळके त्यांना बघायला येत. पावलं वाजली की ते मिशीवरून बोट फिरवत आणि सदरा वर करत. एकदा चहावाल्यालाही त्यांनी टाके दाखवले.

“तुमचे खडे?” त्यांनी मला विचारलं.

“जागेवरच आहेत.”

“मंग लोकायले दाखवाले का हाये तुमच्यापाशी?” म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

माझं ऑपरेशन झालं, आणि सगळ्यांचं उजवीकडे असणारं पित्ताशय माझं मात्र डावीकडे निघालं! दुसऱ्या दिवशी घोळका आला. मिशीवाल्यांनी सदरा वर केला. घोळका त्यांना ओलांडून माझ्या खाटेशी थांबला. सदरा हळूच खाली आला.

संध्याकाळी त्यांची बायको डबा घेऊन आली आणि त्यांचे टाके बघू लागली. त्यांनी तिचा हात धरला.

“माहं राहू दे वं. आधी ह्यायचं पोट पाह्य. आपल्या शेजारचेच हायेत!”

मला मिशी नव्हती. तरी ओठावरून बोट फिरवून मी सदरा वर केला.