‘चालते’ कोणत्या रकान्यात?

अमरावतीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून मी गेली सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचा अर्ज वाचताना अधिकारी खुर्चीत सरळ होऊन बसला, असे प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. माणूस बोलतो एक आणि त्याला म्हणायचे असते दुसरे. ते दुसरे ओळखून कागदावर उतरवणे, हीच आमच्या धंद्यातली विद्या. ती जेव्हा सर्वांत जास्त हवी होती, तेव्हाच मी ती बाजूला ठेवली, हे मला येथे नमूद करायचे आहे.

काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करणारी एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. परतवाडा ते अंजनगाव या पट्ट्यातल्या गावांतून भाजीपाला उचलणाऱ्या एका कंपनीवर तिचे संशोधन होते. कंपनीची गाडी रोज सकाळी गावात, अगदी मळ्याच्या कडेपर्यंत जाई. यापुढे ती गावात न नेता डांबरी रस्त्यावरच्या फाट्यावर थांबवावी की नाही, याचा निर्णय कंपनीला आकड्यांच्या आधारे घ्यायचा होता. त्याकरिता प्रश्नावली तयार होती. प्रत्येक विधानापुढे पाच रकाने: पूर्णपणे असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्णपणे सहमत. शेवटी शेऱ्यासाठी दोन कोऱ्या ओळी.

“काका, लोक माझ्याशी मोकळं बोलत नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांच्या बोलीत विचारा आणि खूण करा. फक्त एक लक्षात ठेवा, तुमचं स्वतःचं मत त्यात येता कामा नये. आलं तर सगळा अभ्यास वाया जातो.”

ही अट मला फार मानाची वाटली. जन्मभर दुसऱ्याची बाजू रंगवून मांडणाऱ्या माणसाला कोणीतरी शास्त्राच्या तटस्थ आसनावर बसवले होते. मी नवा पेन घेतला.

पहिल्याच गावात अडचण आली. विधान असे होते: ‘संकलन वाहन गावात न आल्यास पर्यायी व्यवस्था मला स्वीकारार्ह आहे.’ मिरचीच्या वावरात उभ्या असलेल्या एका बाईने ते ऐकून मलाच विचारले, “हे काय म्हणून राहिले बाप्पा तुमी?” तेव्हा मी ते सोपे केले: “गाडी फाट्यावर थांबली, तं चालते काय?”

“चालते नं.”

मी ‘सहमत’वर खूण केली. पुढच्या घरीही “चालते” आणि त्याच्या पुढच्या घरीही तेच. कोणी घाईने “चालते, चालते” असे दोनदा म्हटले, तर त्यास मी ‘पूर्णपणे सहमत’ धरले. एकदा म्हटल्यास चौथा रकाना, दोनदा म्हटल्यास पाचवा: हा नियम मी स्वतः बसवला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

वस्तुतः आमच्या वऱ्हाडात ‘चालते’ हे उत्तरच नव्हे, हे मला कळायला हवे होते. बस आली नाही तरी चालते, भाजीत मीठ कमी असले तरी चालते. हातात कागद घेऊन दारी आलेल्या माणसाला ‘नाही चालत’ असे तोंडावर सांगणे आमच्याकडे उद्धटपणाचे समजतात. आणि तोच शब्द दोनदा म्हटला, की त्याचा अर्थ असतो, आता हा विषय पुरे कर.

त्या यादीत माझ्या मोठ्या बहिणीचेही गाव होते. मेहुणे गेल्यानंतर तिने अर्ध्या एकरात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि पालक लावून घर चालवले होते. मुलगा अकोल्यात नोकरीला लागला, बोलवू लागला, तरी ती जायला तयार नव्हती. मळ्यापासून फाटा दोन किलोमीटरवर होता आणि तिला लंगडत चालताना मी त्याच दिवशी पाहिले होते.

“या, वकीलसाहेब!” ती हसली. “आज बहिणीच्या घरी बी कागदच घेऊन आला काय?”

मी त्या संशोधक मॅडमचा नियम पाळून अत्यंत गंभीरपणे प्रश्न विचारला.

“चालते, चालते. पह्यले चहा घे.”

पाचवा रकाना. शेऱ्याच्या दोन ओळी मी कोऱ्या ठेवल्या. खाली ‘माहिती संकलक’ म्हणून वळणदार सही केली.

महिनाभराने ती मुलगी पेढे घेऊन आली. सरासरी सहमतीकडे झुकली होती आणि प्रमाण विचलन फारच कमी आले होते. प्रमाण विचलन म्हणजे काय, हे तिने मला समजावले: उत्तरे एकमेकांपासून जितकी कमी पांगलेली, तितके लोकांचे एकमत अधिक. “इतकं एकमत क्वचित मिळतं, काका.” मी पेढा खाल्ला.

पुढच्या हंगामापासून गाडी फाट्यावर थांबू लागली. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती, त्यांचे निभावले. बहीण सुरुवातीला शेजाऱ्यांच्या गाडीवर जुड्या पाठवी. मग शेजाऱ्यांनी भाजी सोडून तूर लावली. ती स्वतः डोक्यावर गाठोडे घेऊन निघे आणि पोचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असे. दुपारपर्यंत मेथी पिवळी पडे.

मी आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज लिहिला. गावातल्या बायांच्या सह्या-अंगठे घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तो पूर्ण वाचला आणि कपाटातून भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा काढला.

“हे अक्षर तुमचंच ना?”

“होय.”

“मग तेव्हाचं खरं, की आत्ताचं?”



बहिणीने जमीन मक्त्याने दिली आणि मुलाकडे अकोल्याला गेली. मी भेटायला जाण्याचे कित्येक महिने टाळले. शेवटी गेलो, ते सर्व सांगून टाकायचे ठरवूनच गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ती सुनेने आणलेली मेथी निवडत बसली होती. मी रकाने, खुणा, सरासरी, सगळे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

“मले मालूम होतं नं,” ती म्हणाली. “नाई म्हटलं तं गाडी गावात येत ऱ्हाते, एवढं समजते मले.”

“मंग चालते कावून म्हटलं तू?”

“तू पह्यल्यांदा एवढ्या मोठ्या कामावर आला होता. नवा पेन, इस्तरीचा सदरा. म्या म्हटलं, बहीणच नाई म्हणून राहिली, असं त्या मॅडमले दिसलं, तं तुयं काम खराब दिसन.”

तिने निवडलेली पाने पातेल्यात टाकली, काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली, तेव्हा मी पिशवी उचलली. ती उठून दारापर्यंत आली आणि कठडा धरून तिथेच उभी राहिली. तीन जिने उतरून खाली येणे आता तिला जमत नाही.